तीन मिनिटं उशिरा आलेली बांग

आमच्या घरातली बोली म्हणजे उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी. पण मी शिकले मराठी शाळेत आणि तेहतीस वर्षं भूगोल शिकवला तोही मराठी शाळेतच, म्हणून लिहायला बसले की हात मराठीकडे वळतो. अमरावतीत धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, जीभ मात्र आहे, आणि ती कशी आहे हे गल्लीत कुणालाही विचारा. हे आधीच सांगते, कारण जिथं ही जीभ चालायला पाहिजे होती तिथं नेमकी ती चालली नाही.

रिटायर झाल्यावर माझ्या फोनमध्ये भाचीनं एक अंगण टाकून दिलं. भाची म्हणजे भावाची एकुलती एक पोरगी. ‘फुप्पी, दिवसभर माझ्या अम्मीच्या भाजीत मीठ कमी का जास्त ते सांगत बसता, त्यापेक्षा हे पाहा,’ म्हणाली. मुसलमानांसाठी बनवलेलं ॲप होतं. नमाजच्या वेळा, किबल्याची म्हणजे मक्केची दिशा वगैरे होतंच, पण आत एक चित्रातली दुनिया होती. अंगण, मधोमध कारंजं, कडेला डाळिंबाचं झाड, खाली सतरंज्या. बायकांचं अंगण वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत गेलं की आपली एक बाहुली सतरंजीवर बसायची. दुपट्ट्याचा रंग आपण निवडायचा. चेहरा मात्र कुणालाच नव्हता. तसबीर काढणं बरं नाही म्हणून बनवणाऱ्यांनी सगळ्या बाहुल्यांचे चेहरे कोरे ठेवले होते. बोलायला माइक उघडला की बाहुलीपुढं एक दिवा लागायचा. पहिल्या दिवशी ते कोरे चेहरे पाहून मी म्हटलं होतं, ‘माय वो, ही तर भुतांची पंगत!’ भाची पोट धरून हसली.

मग सवय झाली. सवय काय, चटक लागली. अमरावती, चांदूर रेल्वे, दर्यापूर, अकोला, अशा आमच्या वऱ्हाडातल्याच चाळीस बायका जमल्या आणि आमचं एक वेगळं अंगण झालं. कुणाची सासू उठू देत नाही, कुणाला बाळंतपणानंतर दूध येत नाही, कुणाचा नवरा दुबईहून फोन करत नाही. जे आम्ही सख्ख्या बहिणीजवळ बोललो नव्हतो ते तिथं बोललो. चेहरा नसला की माणूस फार बोलतं.

त्या अंगणाची चावी माझ्याकडे होती. मास्तरणीच्याच हाती ती जाणार, नाही का! तो काळ असा होता, अजून आहे, की आमच्या बायकांचे फोटो फोनमधून उचलून कुठं कुठं लावले जात, खाली नाही नाही ते लिहिलं जाई. म्हणून मी दाराशी चार प्रश्न ठेवले होते. कोणत्या गावची, कोणत्या गल्लीतली, कुणाची लेक? शबे-बरातला घरी कसला हलवा करता? सलाम म्हणून आवाज पाठव. आणि आतल्या एका बाईनं जामीन राहायचं, की हो, हिला मी ओळखते. बाहेरचा कुणी कितीही शहाणा असला तरी चार प्रश्नांत कुठंतरी अडकायचाच. दोघातिघांना मी असं पकडून हाकललंही, आणि त्याचा मला फार गर्व होता.

आता भाचीचं सांगते. तिला लहानपणापासून मिरगी आहे. आठवीत असताना माझ्याच वर्गात तिला पहिली मोठी आकडी आली. पोरं बाकावर चढली, शिपायानं नाकाला जोडा लावला, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक. तेव्हापासून अकरा वर्षांत मोजून चार वेळा आली असेल. गोळी चुकली तर येते, नाही चुकली तर येत नाही. पोरगी बीएस्सी झाली, एका लॅबमध्ये रक्त तपासायला जाते, स्कूटी चालवत नाही, बस. पण बाहेर कुणाला ठाऊक नाही. भावानं घरात हुकूमच काढला होता, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही.’ मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. खोटं वाटेल, पण मलाही तिचं लग्न पाहायची घाई झाली होती.

स्थळ अकोल्याचं आलं. मुलगा कॉम्प्युटरच्या कामातला, घर स्वतःचं, सासू विधवा, मऊ बोलणारी. मंगनी, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे झाली. भाभीनं जर्दा, म्हणजे गोड केशरी भात, केला होता. ती त्यात संत्र्याची साल किसून घालते, आमच्याकडे संत्र्याला काय तोटा! पाहुणे चाटून पुसून खाऊन गेले. पंधरा दिवसांनी आम्ही अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो होतो तोच मागच्या मशिदीतून असरची, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजची, बांग सुरू झाली. मध्येच, ‘हय्य अलल’वर, आवाज थांबला. आम्ही सगळे हातातले कप तसेच धरून वाट पाहत राहिलो. मग एक खोकला, आणि उरलेली ओळ. सासू हसली. म्हणाली, ‘आमचे बांगीसाहेब दम्याचे हायेत. बाकी गाव एका दमात बांग देते, आमची मशीद दोन दमात.’ आम्हीही हसलो. मला ती बाई त्या वेळी आवडली होती.

अंगणात बडी अम्मा आली ती त्यानंतर महिन्याभरात.

तिनं लिहिलं, मी अमरावतीचीच, वलगाव रोडला राहते, उमर झाली, घशाचं ऑपरेशन झालंय, बोलता येत नाही, लिहीन. सलामचा आवाज पाठवला तो बसलेला, दोनच शब्द. हलवा चण्याच्या डाळीचा. सगळी उत्तरं बरोबर. जामीन कोण, विचारलं, तर तिचं उत्तर आलं, ‘तुमच्याच घरी मी जर्दा खाल्लाय बेटी, संत्र्याच्या सालीचा. तसा जर्दा अख्ख्या अमरावतीत नाही. तुम्हीच राहा ना जामीन.’ फुगले मी. आमच्या घरी जेवून गेलेलं माणूस म्हणजे आपलंच माणूस, यापुढं आमच्यात चौकशी नसते. कोणत्या कार्यात जेवली, कधी जेवली, हे विचारायला मला लाज वाटली. मी स्वतः जामीन राहिले. पांढऱ्या दुपट्ट्याची एक बाहुली येऊन डाळिंबाखाली बसली, आणि पुढचे आठ महिने तिथून हलली नाही.

बडी अम्मा फार कमी लिहायची. पण कायम हजर. पहाटे उघडा, दुपारी उघडा, पांढरी बाहुली डाळिंबाखाली. कुणी रडलं की लिहायची, ‘बोल बेटी, मन हलकं कर.’ पोरी तिला जीव लावायच्या. दर्यापूरच्या एकीनं तर आपल्या पाळीचं दुखणं सगळं सविस्तर तिला लिहून विचारलं, कारण आईला विचारायची चोरी. बडी अम्मानं विचारलं, ‘आणखी काय होतं?’ ती पोर सांगत गेली. हे आठवलं की आता माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मी म्हणायचे, वयस्कर बाई असावी अशी घरात.

रमजान आठवड्यावर आला होता तेव्हा भाची माझ्याजवळ आली. तिला एक मसला, म्हणजे धर्माच्या नियमातला प्रश्न, विचारायचा होता. रोज्यात आकडी आली, आपण बेशुद्ध असताना कुणी तोंडात पाणी घातलं, तर रोजा तुटतो का? मौलानांना विचारलं तर घरचं बाहेर जाईल. मी म्हटलं, ‘अंगणात विचार. नाव कुठं आहे तिथं? तुझी बाहुली, निळा दुपट्टा, बस.’ मीच म्हटलं हे.

तिनं विचारलं. दोघीचौघींनी जमेल तसं सांगितलं, की जे आपल्या हातात नव्हतं त्याचा हिशोब अल्लाह घेत नाही, आणि डॉक्टरांना विचारून गोळी पहाटे सहरीला आणि संध्याकाळी इफ्तारला घे. मग बडी अम्माचं आलं. ‘किती वर्षांपासून आहे बेटी? गोळी कोणती? रंग कसा? घरी सगळ्यांना माहीत आहे का?’ भाचीनं गोळीचं नाव लिहिलं. ‘गुलाबी,’ लिहिलं. ‘सासरी माहीत नाही,’ हेही लिहिलं. बडी अम्मानं उत्तर दिलं, ‘फिकीर नको. ही गोष्ट माझ्याजवळ राहील.’ भाची त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

आमच्यात एक जुनी रीत आहे, ती इथंच सांगावी लागेल. स्थळ पक्कं करण्याआधी मुलाकडची एखादी अनोळखी बाई मुलीच्या दारात येते. पाणी मागते, किंवा बांगड्या विकायला आलेली असते. मी अठरा वर्षांची असताना अशीच एक आली होती. पाणी प्याली, म्हणाली, बेटी, डोळ्याला दिसत नाही, सुईत दोरा ओवून दे. मी दिला. तिनं मुद्दाम सुई पाडली, मी वाकून उचलली. म्हणजे डोळे, कंबर, पाय, बोलणं, सगळं तपासून झालं. चौथ्या दिवशी स्थळ आलं. लग्नानंतर कळलं, ती माझ्या नवऱ्याची मावशी. आम्ही ते आठवून जन्मभर हसलो. तिला सुई शोधायला लावायचे मी मुद्दाम. पण ती मावशी एक तांब्या पाणी पिऊन अर्ध्या तासात निघून गेली होती.

रमजान लागला. अंगणातली इफ्तारची रीत मी पाडली होती. सूर्य बुडायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांनी माइक उघडायचे, म्हणजे ज्याच्या त्याच्या गावची बांग अंगणात पडेल. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला बुडत जातो. आधी चांदूर रेल्वे, लगेच अमरावती, मग दर्यापूर, शेवटी अकोला. एका अंशाला चार मिनिटं, हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. अमरावती आणि अकोल्यात पाऊण अंश, म्हणजे तीन मिनिटं. आम्ही खजूर तोंडात टाकायचो तेव्हा अकोलेवाल्या नुसत्या आमच्याकडे पाहत बसायच्या आणि आम्ही त्यांना चिडवायचो, ‘पाणी काय गोड लागून राहिलं व!’ ज्याचा दिवा लागला नसेल त्याला मी हजेरीसारखं टोकायची. सगळ्यात सुंदर वेळ होती ती. चाळीस कोरे चेहरे, चाळीस दिवे, आणि एकामागून एक गावं उठल्यासारख्या बांगा.

दुसऱ्या रोज्याला माझ्या लक्षात आलं. अमरावतीची बांग झाली, आमच्या सगळ्यांच्या दिव्यांमागून आली. बडी अम्माचा दिवा जळत होता आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं. वलगाव रोडला, तिथं मशिदीमागे मशीद आहे, आणि काहीच नाही. म्हटलं खिडकी बंद असेल. तिसऱ्या दिवशी मी कान लावून बसले. आमची झाली, चूप. दर्यापूरची झाली, चूप. मग अकोल्याच्या बायकांच्या बांगा सुरू झाल्या, आणि त्यांच्यासोबत बडी अम्माचा दिवा बोलला. मी भाचीला म्हटलं, ‘हिचं नेटवर्क मागं चालते काय व?’ ती म्हणाली, ‘चालत असेल.’ पण नेटवर्क रोज बरोबर तीनच मिनिटं मागं चालतं का? चौथ्या दिवशी मी घड्याळ घेऊन बसले. पाचव्या दिवशीही. मशिदी-मशिदींत अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो, हे मला कळतं. तीन मिनिटांचा पडत नाही. ही बाई अमरावतीत नाही. ही अकोल्यात बसून आम्हाला ऐकते आहे.

सहाव्या दिवशी मी अकोल्याच्या बाकी पोरींना बांगेच्या वेळी माइक बंद ठेवायला सांगितलं, काहीतरी बहाणा केला. मग अकोल्याच्या वेळेला बांग येण्यासारखा फक्त एकच दिवा उरला. बांग सुरू झाली. ‘हय्य अलल’वर आवाज थांबला. माझ्या हातातला खजूर हातातच राहिला. एक खोकला आला, आणि मग उरलेली ओळ.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मी दाराला कुलूप लावलं ते बाहेरच्यासाठी, आणि त्याची सगळी उत्तरं घरच्या माणसाला तोंडपाठ. जर्दा तर अकोल्याच्या त्या सासूनं माझ्याच हातून वाढून घेतला होता.

मी खाली गेले. भाऊ नमाजहून आला होता. दार लावून सगळं सांगितलं. तो पलंगावर बसला, पांढराफटक. मग त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘त्याईले बिमारीचं समजलं?’ मी म्हटलं, ‘पोरीचा आवाज त्यांनी ओळखलाच असणार. गोळीचा रंगसुद्धा समजला.’ त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता तिला अंगणातून काढते आणि फोन करून बाईची चांगली हजामत करते.

‘आपा, हात जोडतो,’ तो म्हणाला. ‘तिले काढू नको. काढलं तर त्याईले समजन का आपल्याले समजलं. अजून त्याईनं नाही म्हटलं नाही ना? चूप राह्य. ईद होऊ दे.’

आणि मी चूप राहिले. बाईमाणसांना डाफरण्यात जिचा जन्म गेला ती मी, वीस दिवस चूप. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रोज संध्याकाळी मीच अंगण उघडायची, मीच दिवे मोजायची. पोरी आपलं आपलं बोलत राहायच्या आणि मी काहीतरी करून विषय बदलायची, सेवयांचा भाव काय, उकाडा किती. त्यांना वाटलं फुप्पी म्हातारी झाली. पांढरी बाहुली डाळिंबाखाली बसून असायची. तिला चेहरा नव्हता, पण ती माझ्याकडेच पाहते असं मला वाटायचं. एकदा तिनं लिहिलं, ‘निळ्या दुपट्ट्याची बेटी आजकाल बोलत नाही. तब्येत बरी आहे ना?’ मी फोन उलटा करून ठेवला. भाचीला मी काही सांगितलं नव्हतं. भावाची शपथ होती. पण ती लॅबमध्ये रक्तातलं न दिसणारं शोधणारी पोरगी. ती माझ्याकडे पाहून तिचं तिचं गप्प झाली होती.

ईदच्या दोन दिवस आधी सासू स्वतः ईदी घेऊन आली. सोबत कुणी नाही, मुलानं गाडीत बसवून दिलं होतं. जरीच्या कपड्यांचा जोडा, बांगड्या, सेवया, मेंदी. भाभी एकेक वस्तू डोळ्याला लावत होती. जोड्याच्या घडीतून एक पाकीट निघालं. पाकिटात गोळ्यांची एक पट्टी. गुलाबी. तेच नाव.

भाभीनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

सासू भाचीचा हात हातात घेऊन म्हणाली, ‘सहरीले एक, इफ्तारले एक. बरोबर ना बेटी? घाबरू नको. आमी काही स्थळ मोडून नाही राहिलो. आमच्या घरची गोष्ट आमच्या घरात राहीन. फक्त इथून पुढं गोळ्या माझ्याजवळ राहतीन. सकाळी मी देईन, रात्री मी देईन, माझ्या हातानं.’ मग भावाकडे वळली. ‘लॅब-बिब लग्नानंतर नको. फोन बी नको. जे काही बोलायचं ते माझ्याजवळ बोलायचं. तुमी लपवलं, आमी काही म्हटलं का? तुमी आमचं ऐका, आमी तुमचं झाकतो.’ इतकं मऊ बोलली ती, की बाहेरच्याला वाटलं असतं केवढी मायाळू!

आणि माझा भाऊ रडायला लागला. आनंदानं. ‘बाई, तुमचे उपकार फिटणार नाहीत,’ म्हणाला. भाभीनं दुआ मागितली. मला मात्र दिसत होतं की आवळा देऊन कोहळा काढला जातोय, आणि कोहळा म्हणजे आमची पोरगी. जिची गोळी दुसऱ्याच्या मुठीत, तिचा श्वासही दुसऱ्याच्या मुठीत. ती कधी उलटून बोलली तर एखाद्या सकाळी गोळी मिळायला उशीर होईल. कुणाला काय कळणार? मिरगीच होती तिला, म्हणतील.

भाचीनं एवढंच म्हटलं, ‘अम्मीजान, ही तुमची ईदी आली असं तुमच्या मुलाले कळवते. फोन द्या ना तुमचा.’ सासूनं दिला. भाची फोन उघडून पाहत राहिली आणि म्हणाली, ‘तुमीच लिहा दोन शब्द.’ सासू हसली. ‘मले कुठं लिहिता येते बेटी! मी तर शाळेची पायरीच नाही चढली. सलाम तेवढा बोलून दिला होता. लिहिते तर सारं तोच.’

बोलून गेल्यावर तिची जीभ थबकली. भाचीनं फोन तिच्या हातात परत दिला. तिच्यासाठी जेवण बांधून दिलं, आणि ती दिवस असतानाच अकोल्याला गेली.

भाची वर माझ्या खोलीत आली. ‘फुप्पी, तुमाले माहीत होतं,’ म्हणाली. मी मान डोलावली. मला वाटलं ती ओरडेल, मला दोन शब्द सुनावेल. तिनं तिसरंच काही म्हटलं. ‘दर्यापूरची ती पोट्टी. पाळीचं सारं तिनं त्याले लिहिलं, फुप्पी. माणसाले. बाकीच्या बाया आठ महिने बाळंतपणाचं, दुधाचं, नवऱ्याचं बोलून राहिल्या, अन् वाचून राहिला तो.’ मला त्याआधी वाटत होतं की सासू ऐकते. बाई आहे, ऐकली तर ऐकली. मी खालीच बसले. चाळीस घरांच्या चाव्या मी जामीन राहून त्याच्या हाती दिल्या होत्या.

‘मी अंगणातल्या बायांले सांगते,’ मी म्हटलं, ‘तुझं नाव न घेता. एवढंच सांगते की इथं एक माणूस होता.’

‘कोणता माणूस, तुमाले कसं समजलं, हे नाही विचारणार त्या? मग काय सांगसान?’

एकच खरी गोष्ट होती आणि ती सांगायची तर पहिलं वाक्य तिच्या मिरगीपासून सुरू व्हायचं. मी तिला म्हटलं, ‘हात दाखवून अवलक्षण नको करू माय. तुझा बाप मरून जाईल. पुन्हा स्थळ येणार नाही.’ हेही मीच म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

शेवटचा रोजा. गच्चीवर पोरं चंद्र पाहायला चढत होती. मी अंगण उघडलं. एकेक दिवा लागत गेला, चाळीसच्या चाळीस. पांढरी बाहुली डाळिंबाखाली होती. तिचाही दिवा लागला. भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बोलायला लागली. आधी आपलं नाव सांगितलं. कोणती गल्ली, कुणाची लेक. माझ्याच दाराच्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, चाळीस बायकांसमोर. मग म्हणाली, ‘मला मिरगी आहे. माझी मंगनी अकोल्याला झाली. डाळिंबाखाली बडी अम्मा बसली आहे, ती बाई नाही. तो माझा होणारा नवरा आहे. आठ महिन्यांपासून तुमी जे लिहिलं ते त्यानं वाचलं. खोटं वाटत असलं तर आमची बांग झाल्यावर तीन मिनिटं थांबा. बडी अम्माची बांग ऐका. ती दोन दमात येईल. अकोल्यावाल्यांनो, ती मशीद कोणती ते तुमाले माहीत आहे.’

आमची बांग झाली. कुणी खजूर खाल्ला की नाही मला माहीत नाही. एक दिवा विझला, मग दोन, मग भराभर. लाजेनं, भीतीनं, कुणी नवरा जवळ होता म्हणून. खालून जिन्यावर भावाची पावलं ऐकू आली. त्यालाही कुणीतरी फोन केला असणार. भाचीनं आतून कडी लावली आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली. पांढरी बाहुली जागेवरून हलली नाही. का हलली नाही? तिला वाटलं असेल, गप्प राहिलं की निभावेल. किंवा फोन भिंतीला टेकवून तो आत कुठं गेला असेल, आणि ऐकणारा तिथं कुणी नसेल. तीन मिनिटं. जन्मात एवढी लांब तीन मिनिटं मी पाहिली नाहीत. मग बडी अम्माच्या दिव्यामागून अकोल्याची बांग आली. आणि ‘हय्य अलल’वर थांबली. उरलेल्या अकरा दिव्यांनी तो खोकला ऐकला. अकोल्याची एक पोरगी हळूच म्हणाली, ‘या अल्लाह, ही तर आमच्या मागच्या गल्लीतली.’ आणि पांढरी बाहुली विझली.

बाहेर भाऊ दार बडवत होता. ‘काय करून बसली तू! आता तुले कोण करन?’ भाचीनं पर्समधून तिची पट्टी काढली, स्वतःची, अर्धी संपलेली. एक गोळी तोंडात टाकली. सकाळच्या पाण्याची बाटली लावली तोंडाला. उरलेली पट्टी तिनं आपल्याच मुठीत ठेवली.

‘फुप्पी,’ ती म्हणाली, ‘आता कुणी चोरून ऐकावं असं माझ्याजवळ काही उरलं नाही. उघडा दार.’

मी उठले आणि कडी काढली.